म्हशीला गॉगल लावायचाय? यमकांचं चित्रपुस्तक काढणाऱ्या नवख्यांसाठी

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घराच्या माळ्यावर एक खोकं पडलंय. त्यात ६० पुस्तकं आहेत आणि सगळ्यांच्या तिसऱ्या पानावर ‘गळ्यात घंटा’च्या जागी ‘गल्यात घंटा’ छापलंय. विकता येत नाहीत, रद्दीत द्यायला जीव होत नाही. हे का झालं ते पुढं आठव्या पायरीत सांगते. पण त्याच्या आधीपण मी एवढ्या चुका केल्या की म्हटलं एकदा बसून सगळं ओळीनं लिहूनच काढूया, कारण आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मुलांसाठी मराठीत काहीतरी करायची हौस बऱ्याच जणांना आहे, विचारायचं कुणाला ते कळत नाही, आणि प्रेसमध्ये गेलं की पहिला प्रश्न येतो, “लग्नाची पत्रिका काय?”

मी काही लेखिका वगैरे नव्हे. भाचीला जेवताना एक खुळी म्हैस सांगायची, ती रोज वाढत गेली आणि तिचं २४ पानी पुस्तक झालं. तेवढ्याच अनुभवावर हे लिहिलंय.

काय काय लागतं

- वही, पेन्सिल, खोडरबर. सुरुवातीला कॉम्प्युटर नको.
- ए-फोर कागद ६ आणि स्टेपलर (डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, त्यासाठी)
- ऐकायला चार-पाच पोरं. आपली एकटी नको, ती आपल्याला घाबरून हसतात.
- मोबाइल, आपलाच आवाज रेकॉर्ड करायला
- चित्रकार, आणि त्याच्याशी केलेला लेखी करार
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कव्हर आणि आतल्या नावाच्या पानाची पीडीएफ (आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, त्यासाठी)
- मराठी नीट वाचणारी दोन माणसं, प्रूफाला, म्हणजे छापायच्या आधी चुका तपासायला. यातलं एक तरी शाळेतल्या बाईंसारखं कडक हवं.

१. आधी प्राणी पक्के करा

प्राण्यांचं पुस्तक म्हटलं की सगळे सिंह, जिराफ, झेब्रा घेऊन बसतात. घ्या की, कोण नको म्हणतंय. पण आपल्या पोराला गल्लीत म्हैस दिसते. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवलेल्या, गळ्यात माळा घातलेल्या म्हशी गवळी लोक पळवतात ते बघायला आम्ही लहानपणी गच्चीवर चढायचो. त्या म्हशीला कुठं पाठवायचं, काय घालायचं हे मला विचार न करता सुचत होतं. जिराफाचं मला काहीच सुचलं नसतं.

आणि जंगल पाहिजे असेल तर खानापूर तालुका आहे की. भीमगड अभयारण्यात गवा आहे, अस्वल आहे, शेकरू आहे. तिथल्याच बारापेडे गुहांत एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं, राउटनचं वटवाघूळ म्हणतात त्याला, आणि किती तरी वर्षं जगात ते फक्त तिथंच सापडतं असं धरून चालले होते. असं वटवाघूळ गोष्टीत उलटं टांगून ठेवलं तर पोरं पुस्तकच उलटं धरून वाचतात, हे मी बघितलंय.

प्राणी ठरवताना एक खोच आहे जी मला फार उशिरा कळली. मराठीत प्रत्येक प्राण्याचं लिंग वेगळं, म्हणजे क्रियापद वेगळं, म्हणजे यमक वेगळं. म्हैस निघाली, गवा निघाला, अस्वल निघालं. मी आधी सगळी कडवी म्हशीवर लिहिली, मग मध्येच वाटलं बोका जास्त मजेदार होईल, नाव बदलायला गेले तर ‘ली’ची सगळी यमकं मोडून पडली. मांजराचं तर काही घरात ‘ती मांजर’ आणि काही घरात ‘ते मांजर’. तेव्हा मुख्य प्राणी आधी ठरवा, मग त्याला हात लावू नका.

एकच मुख्य प्राणी, त्याची एकच खुळी इच्छा, आणि वाटेत भेटणारे पाच-सहा जण. चार वर्षांच्या पोराला एवढं भरपूर झालं.

२. टाळ्यांवर ओळ बसवा

पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि लोक नेमकं हेच उरकून टाकतात. शेवटचा शब्द जुळला की कविता झाली असं वाटतं. नाही होत.

माझी पहिली ओळ बघा कशी होती:

म्हैस एकदा बाजाराला गेली
गळ्यात तिच्या छानशी घंटा होती बांधलेली

‘गेली’ला ‘बांधलेली’ जुळलं की, मला वाटलं झालं. भावानं मोठ्यानं वाचलं आणि दुसऱ्या ओळीत त्याचा श्वासच संपला. मग आमच्या शेजारच्या निवृत्त बाईंनी मला शाळेतलं लघु-गुरू परत शिकवलं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर पडला तर त्याच्या दोन. चार-चार मात्रांचा एक गट करायचा आणि प्रत्येक गटाला एक टाळी. असं करून जे झालं ते हे:

म्हैस निघाली बाजारी,
गळ्यात घंटा जडभारी.
“दादा, गॉगल दाखव तो,
शिंगांमध्ये अडकव तो!”

आता टाळी मारून म्हणा. म्हैसनि, घाली, बाजा, री. गळ्यात, घंटा, जडभा, री. प्रत्येक ओळीत चार टाळ्या, शेवटची अर्धी रिकामी, तिथं श्वास घ्यायचा. ओळीच्या मात्रा १४. तुम्हाला १६ मात्रांच्या ओळी पाहिजेत तर तसं करा, पादाकुलक वृत्तात १६च असतात आणि बरीच बालगीतं त्या चालीत बसतात. पण एकदा धरलं की पूर्ण पुस्तकभर तेच. मध्येच १४चं १७ झालं की वाचणारी आई अडखळते, आई अडखळली की पोरगं उठून जातं.

कागदावर मात्रा बरोबर आणि तोंडात ओळ चुकीची, असंही होतं बरं का. ‘गव्याच्या घड्याळाच्या काट्याच्या’ असली ओळ मोजून बसवता येईल, म्हणून बघा कशी जमते ते. म्हणून रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ऐका. जिथं हात थांबतो तिथं ओळ खराब आहे.

ध्रुवपद मात्र जरा वेगळं ठेवा, म्हणजे पोरांना कळतं की आता आपली पाळी. माझं ध्रुवपद असं:

खुळीच की तू, म्हैसाबाई!

यात १६ मात्रा, शेवटची टाळी पूर्ण भरलेली, म्हणून पोरं ‘ई’ ओढून ओढून ओरडतात. ‘की’ हा आपला बेळगावचा. पुण्याच्या एका मैत्रिणीनं ‘खुळीच गं तू’ कर म्हणून सुचवलं. मी केलं नाही. आपण दिवसभर ‘होय की’, ‘ये की’ म्हणतो, ते पुस्तकातच का लाजायचं?

३. यमकाचे सापळे

मी पडले त्यातले सांगते.

विभक्तीचं यमक. ‘बाजाराला, दुकानाला, म्हशीला, गायीला’. नुसतं ‘ला’ला ‘ला’ लावलंय, त्याला यमक म्हणत नाहीत. ‘बाजारी’ आणि ‘जडभारी’ मध्ये ‘आरी’ जुळतं म्हणून कानाला बरं लागतं. निदान शेवटची दोन अक्षरं जुळवायची धडपड करा.

क्रियापदाचं यमक. गेली, आली, प्याली, झाली. एखाद्या कडव्यात चालतं. सगळ्या पुस्तकात हेच असलं की हजेरी घेतल्यागत वाटतं.

भरतीचे शब्द. छान, छान-छान, बरे, हो, खास, झोकात. मात्रा कमी पडली की आपण हे कोंबतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात ११ ‘छान’ होते, मोजले मी. सगळे काढले तेव्हा तीन कडवी मोडली, ती परत लिहिली आणि तीच आता पुस्तकातली सगळ्यात गमतीची आहेत. कारण ‘छान’च्या जागी खरी वस्तू आणावी लागली, ‘छान टोपी’ची ‘चहाची गाळणी’ झाली.

भाषेचा गोंधळ. एका ओळीत ‘आले’ आणि पुढच्या ओळीत ‘गेलं’. पुस्तकी धरायचं तर पुस्तकी, बोली धरायची तर बोली, काय ते ठरवा. मी निवेदन पुस्तकी ठेवलं आणि प्राणी मात्र आपल्यागत बोलतात. अस्वल म्हणतं, “काय करूलालीस गं?” आणि पोरं खाली पडून हसतात, कारण त्यांची आज्जी तसंच बोलते आणि छापलेलं कधी बघितलं नसतं.

आणि इंग्रजी बालगीतं मराठीत ओढू नका. तिथली गंमत त्या भाषेतल्या यमकाची असते, ती इकडं येत नाही, नुसता प्राणी येतो.

४. पोरांसमोर वाचा, आणि गप्प बसा

चित्रकाराला पैसे द्यायच्या आधी हे करायचंच. अंगणवाडीत बाईंना विचारून अर्धा तास मिळतो, नाहीतर गल्लीतली पोरं गोळा करा. वाचताना त्यांना काही समजावून सांगू नका. फक्त बघा कुठं हसतात, कुठं खिडकीबाहेर बघतात, आणि दुसऱ्यांदा वाचताना कुठली ओळ तुमच्या आधी म्हणतात. जी ओळ ते आधी म्हणतात ती पक्की.

आपल्याकडची पोरं दोन-तीन भाषांत वाढतात, त्यामुळं अशा गमती होतात ज्या कुणी सांगून कळल्या नसत्या. मी ‘म्हैस आणि बोका’ असं वाचलं तर एक पोरगी चित्राच्या कच्च्या कागदावर वाकून वाकून शोधायला लागली. विचारलं तर म्हणते, “हत्ती कुठाय?” तिच्या घरी कन्नड बोलतात, आणि इकडच्या कन्नडमध्ये हत्तीला ‘आनी’. तिनं ऐकलं म्हैस, हत्ती, बोका! मी ‘आणि’ तसंच ठेवलं आणि चित्रकाराला सांगितलं त्या पानावर कोपऱ्यात एक छोटा हत्ती लपव. अजून कुणी मोठ्यानं तो का आहे ते विचारलं नाही, पण कन्नड येणाऱ्या पोरांना बरोबर सापडतो.

तसंच ‘करडी’. कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल. “बाईंची करडी नजर वळली” हे वाक्य एका मुलानं असं काही मनावर घेतलं की विचारू नका. म्हणून मी अगदी शेवटी सगळ्या प्राण्यांची कन्नड नावं पण देवनागरीत दिली, म्हैस म्हणजे एम्मी, उंदीर म्हणजे इली, वाघ म्हणजे हुली. काही लोकांनी नाक मुरडलं. पोरांना हेच पान सगळ्यात आवडतं.

अजून एक लक्षात घ्या. आपल्याकडं बरीच मराठी पोरं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात आहेत, घरी मराठी बोलतात पण देवनागरी सरसर वाचता येत नाही. म्हणजे तुमचं पुस्तक आई, आजी, नाहीतर ताई वाचून दाखवणार. म्हणून जोडाक्षराला फार घाबरायचं कारण नाही, कानाला सोपं असलं की झालं. पोरानं स्वतः वाचावं असं पाहिजे असेल तर मात्र तो हिशेब वेगळा, तिथं ओळी निम्म्या करा.

५. पानांचा हिशेब, म्हणजे डमी

मध्ये पिना मारलेल्या पुस्तकाची पानं ४च्या पटीतच येतात. २६ पानं होत नाहीत, २४ नाहीतर २८. चित्रपुस्तकं बहुतेक २४ नाहीतर ३२ पानांची असतात. मी आधी १५ कडवी लिहून बसले होते, मग पानात बसवताना ३ कापली आणि रडले.

ए-फोरचे ६ कागद मध्ये दुमडा, मधोमध पिन मारा, झालं २४ पानांचं डमी. पान १ वर नाव. पान २ वर प्रकाशनाची माहिती. पान ३ वर पहिलं कडवं. मग ४-५ पासून २२-२३ पर्यंत समोरासमोरच्या १० जोड्या. पान २४ वर शेवट. म्हणजे १ आणि १० आणि १, एकूण १२ कडवी. (कन्नड नावांचं पान मी कव्हरच्या आतल्या बाजूला घेतलं, जागाच नव्हती.)

पान उलटायची गंमत वापरा. प्रश्न उजव्या पानाच्या खाली, उत्तर उलटल्यावर. “आणि दुकानात कोण बसलं होतं?” उलटा, माकड. जोडीच्या डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर उत्तर ठेवलं तर पोराला दोन्ही एकदम दिसतं आणि फुसकं होतं.

आणि मधली घडी! प्राण्याचं तोंड बरोबर घडीत गेलं की नाक एका पानावर आणि डोळा दुसऱ्या. अक्षरं पण घडीपासून अर्धा इंच लांब.

६. चित्रं

चित्रकार शोधताना सुंदर चित्रांपेक्षा हे बघा की तो एकच प्राणी दहा वेगवेगळ्या पोझमध्ये तोच प्राणी वाटेल असा काढतो का. आधी फक्त म्हशीची एक शीट करून घ्या: समोरून, बाजूनं, बसलेली, पळणारी, रुसलेली. ती शीट भिंतीला चिकटवा आणि मग पुढं चला.

आमच्या म्हशीची घंटा पान ९ वर गायब झाली होती. मी बघितलं नाही, चित्रकारानं बघितलं नाही, प्रूफवाल्यांनी बघितलं नाही. साडेतीन वर्षांच्या पोरानं बघितलं. “घंटा कुठं पडली?” एवढं म्हणून त्यानं पुढचं पुस्तक ऐकलंच नाही, मागची पानं उलटून घंटा शोधत बसला. नशीब तेव्हा छापलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. म्हशीनं गॉगल घातल्यावर ती हसते असं पान होतं. चित्रकार शहरातला, त्यानं टूथपेस्टच्या जाहिरातीगत वरची-खालची पांढरी बत्तिशी काढली. मी कुद्रेमनीच्या एका शेतकऱ्याच्या घरी ते दाखवलं तर त्यांचा सहा वर्षांचा नातू म्हणाला, “म्हशीला वर पुढं दात नसतात की.” खरंच नसतात. गाय, म्हैस, शेळी, सगळ्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथं नुसती टणक हिरडी असते. चित्र बदललं, फक्त खालचे दात दाखवले, आणि म्हैस आधीपेक्षा दुप्पट खुळी दिसायला लागली.

म्हणजे प्राणी गॉगल घालू दे, सायकल चालवू दे, काय पाहिजे ते करू दे, पण अंग खरं पाहिजे. गव्याच्या पायात पांढरे मोजे घातल्यागत दिसतात, ते काढा. आपल्याकडच्या अस्वलाच्या छातीवर पांढरट इंग्रजी व्हीसारखा पट्टा असतो आणि अंगावर झिपऱ्या. खानापूरच्या जंगलात तपकिरी गोंडस टेडी नसतं. बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीच्या झूमध्ये एक दिवस वही घेऊन जा, नाहीतर सरळ कुणाच्या गोठ्यात बसा.

हल्ली एआयनं चित्रं काढून देतो म्हणणारे भेटतात. मी करून बघितलं. म्हैस मागितली की कधी काळी-पांढरी विलायती गाय येते, कधी शिंगं बैलाची, आणि पुढच्या चित्रात तीच म्हैस परत येत नाही. डमीत जागा धरायला वापरा हवं तर.

छपाईसाठी चित्रं ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके), आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची घ्या, त्याला ब्लीड म्हणतात. कटिंग इकडं-तिकडं झालं तर पांढरी रेघ दिसत नाही. व्हॉट्सॲपवर फोटोसारखी मागवलेली चित्रं छपाईला देऊ नका, ती आपोआप बारीक होतात. ड्राइव्हची लिंक मागा.

७. चित्रकाराशी लेखी करा

ओळखीतला आहे म्हणून सोडू नका, ओळखीतलाच आहे म्हणून करा. पैसे दिल्यावर चित्रांचा कॉपीराइट कुणाचा, यावरून पुढं वाद नको. हक्क घ्यायचे तर सहीनिशी लेखी पाहिजे. आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायद्यानं ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. साधा एक कागद पुरे: किती चित्रं, किती पैसे, किती वेळा बदल करून देणार, किती वर्षं, कव्हरवर त्याचं नाव येणार. नाव कव्हरवर टाकाच. चित्रपुस्तकात निम्मं पुस्तक त्याचं असतं.

८. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं, जिथं माझी म्हैस गळ्यात पडली

आपल्याकडच्या प्रेसमध्ये काम मुख्यतः कन्नड आणि इंग्रजीत चालतं. ऑपरेटर हुशार असतात, पण बऱ्याच जणांना देवनागरी हिंदीतून येते. तुम्ही युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी लिहितो तसं) टाइप करून दिलेलं ते जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करतात, त्यात ‘ऱ्या’ फुटतो, रफार उडतो, ‘ॲ’चं काहीतरी वेगळंच होतं. मग तो फुटलेला शब्द ऑपरेटर हातानं दुरुस्त करतो, त्याच्या अंदाजानं. माझ्या पुस्तकात ‘गळ्यात’ फुटला होता, त्यानं बिचाऱ्यानं ‘गल्यात’ केला. हिंदीत ‘गला’च की. मी पहिलं प्रूफ डोळ्यात तेल घालून बघितलं होतं. ही दुरुस्ती दुसऱ्या प्रूफानंतर झाली, आणि शेवटचं प्रूफ मी मोबाइलवर बघून ओके म्हटलं. ५०० छापून आली. ते पान परत छापून बदलून घेतलं तरी पिना काढता-लावता ६० तशीच राहिली. चूक प्रेसची निम्मी, निम्मी माझी.

म्हणून:

युनिकोडवर अडून बसा. फुकट आणि चांगले फॉन्ट आहेत, ‘बालू’ गोल-गुबगुबीत आहे, मुलांच्या पुस्तकाला शोभतो, ‘मुक्त’ साधा-स्वच्छ आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ पण बघा. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आपल्या शाळेत शिकवतात तसे नाही. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की बऱ्याचदा बरोबर होतात. अक्षर शिकणाऱ्या पोराला हा फरक मोठा असतो.

अक्षराचा आकार २४ पॉइंटच्या खाली नको. आजीला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे.

शेवटचं प्रूफ कागदावर. मोबाइलवर नाही, नाही म्हणजे नाही. आणि उलट्या क्रमानं वाचा, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडं, कारण कविता पाठ झालेली असते आणि डोळा चूक बघतच नाही. ळ, ण, ऱ्य, र्‍हस्व-दीर्घ यांच्यावर एकेक वेगळी फेरी मारा. ओके झाल्यावर फाइलमधली अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे चित्रासारखी पक्की) करून पीडीएफ द्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवर काही हलत नाही.

९. आयएसबीएन आणि बाकी कागद

आयएसबीएन फुकट मिळतो. सरकारी पोर्टलवर खातं उघडायचं, लेखक-प्रकाशक म्हणून नोंद करायची, कागद अपलोड करायचे. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी हे काम बघते. १३ आकडी नंबर येतो. मधले एजंट पैसे मागतात, देऊ नका. छपाईच्या बऱ्याच आधी अर्ज करा, कागदात त्रुटी निघाली की परत येतो. नावाच्या पानावर, अर्जात आणि कव्हरवर पुस्तकाचं नाव अक्षरशः सारखं पाहिजे, एकीकडं ‘म्हैस’ आणि एकीकडं ‘म्हैसाबाई’ चालणार नाही.

आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे, ही गल्लत फार जण करतात. तुम्ही लिहिलं की कॉपीराइट तुमचा झालाच, नोंदणी ऐच्छिक आहे.

पुस्तक आल्यावर १९५४च्या कायद्यानं ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या लायब्ररीला आपल्या खर्चानं पाठवायची असते. छोटे प्रकाशक हे विसरतात. मी पाठवल्या, पोच आली, फाइलला लावली.

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, मुलांच्या चित्रपुस्तकांवरही. प्रेसचं कोटेशन घेताना मात्र टॅक्स धरून की सोडून ते आधी विचारा.

१०. छपाई

थोड्या प्रती पाहिजेत तर फाइलवरून थेट छापणारं डिजिटल, ५००च्या पुढं जायचं तर ऑफसेट बघा, तिथं प्लेटचा खर्च एकदाच असतो म्हणून प्रत वाढली की दर उतरतो. बेळगावात दोन आणि कोल्हापुरात एक अशी कोटेशनं घ्या आणि तिन्हीकडं तेच सांगा: साइज, पानं, आतला कागद, कव्हर, लॅमिनेशन, बाइंडिंग. नाहीतर तुलनाच होत नाही.

साइज आधी प्रेसला विचारून ठरवा, चित्रं काढायच्या आधी. चौकोनी पुस्तक दिसायला गोड, पण कागद वाया जातो आणि ते पैसे तुम्ही भरता. क्राऊन वन-फोर, म्हणजे साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंच, कागदात नीट बसतं. आतला कागद १३० जीएसएमच्या (कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते) खाली नको, मागचं चित्र पुढं दिसतं. कव्हर ३००, मॅट लॅमिनेशन. ग्लॉसवर ट्यूबलाइट चमकते आणि पोराला म्हैस दिसत नाही.

रंगाबद्दल: स्क्रीनवरचा भडक हिरवा-निळा कागदावर तसा येत नाही, फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) करून एक पान छापून बघा. काळी म्हैस हा तर खास त्रास, नुसता काळा टाकला की डांबराचा गोळा दिसतो. आमच्या चित्रकारानं तिला निळसर-जांभळट छटा दिली तेव्हा डोळे-नाक उठून आलं.

तीन वर्षांच्या आतल्या पोरांसाठी असेल तर पिना टाळा, त्या निघतात आणि तोंडात जातात. जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पानं करा, महाग पडतं पण.

११. विकायचं कुठं

दुकानात ठेवून वाट बघण्यात मला काही राम वाटला नाही. आपल्याकडं हिवाळ्यात गावोगाव साहित्य संमेलनं असतात, कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी. एक टेबल, एक चादर आणि मोठ्यानं वाचून दाखवायची तयारी, एवढं पुरतं. मी बसून नुसती विकत होते तेव्हा लोक पुढं जायचे. उभी राहून ‘म्हैस निघाली बाजारी’ म्हणायला लागले तेव्हा पोरं थांबली, पोरं थांबली म्हणून आया थांबल्या.

दुसरं, संक्रांतीचं हळदीकुंकू. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे देण्यापेक्षा पुस्तक द्या असं मी चार बायकांना सांगितलं, दोघींनी २५-२५ घेतली. त्यासाठी पुस्तक डिसेंबरच्या सुरुवातीला हातात पाहिजे, म्हणजे प्रेसला फाइल दिवाळीच्या आधी. दिवाळीत प्रेसवाले कॅलेंडरात बुडालेले असतात, तुमच्या म्हशीकडं कोण बघणार.

बाहेरगावी पाठवायला पोस्टात चौकशी करा, पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट म्हणून स्वस्त सेवा २०२५ पासून सुरू झालीय. पाकिटात पुठ्ठा घाला, कोपरे वाकतात.

आणि छपाई झाली की त्याच दिवशी प्रेसमधून ओपन फाइल (जिच्यात बदल करता येतात ती) पेनड्राइव्हवर मागून घ्या, नुसती पीडीएफ नाही. मी सहा महिन्यांनी गेले तर ऑपरेटर सोडून गेला होता आणि कॉम्प्युटर फॉरमॅट झाला होता. दुसऱ्या आवृत्तीची सगळी पानं परत लावावी लागली, हत्तीसकट.